डझनात तीन

डझनाच्या गठ्ठ्यात तीन सेकंड. वरचा पीस फ्रेश ठेवायचा, तळाचाही फ्रेश, तीन मध्ये कुठेतरी.

गोळी गिळायची नाही. ग्लासभर पाण्यात विरघळवायची, चमच्याने ढवळायची, प्यायची. बुडाशी खडूसारखं उरतं, त्यात पुन्हा पाणी घालून तेही संपवायचं.

गावी, चामटोलीला, खुडूक कोंबडीखालची अंडी कुणी मोजत नाही. मोजली की दृष्ट लागते.

बी पॉझिटिव्ह.

शेअर रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही. पुढे ड्रायव्हरला चिकटून अर्ध्या सीटवर बसलेला मोजायचा नसतो.

आज उजवा हात. गेल्या वेळी डावा झाला.

जीन्सचं बटण फरशीवर पडलं की टण्ण वाजतं, आणि जातं ते पलंगाखालीच.

पुन्हा. या वेळी नीट.

महेंद्र उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात नारीसेठच्या जीन्सच्या कारखान्यात चेकर आहे. ट्यूबलाइटखाली उभं राहायचं, पँटमध्ये हात घालून ती उलटी करायची, शिलाईवरून अंगठा फिरवायचा. टाका सुटला असेल, वॉशचा डाग असेल, एक पाय दुसऱ्यापेक्षा तोकडा असेल, तर तो पीस सेकंड. बाकीचे फ्रेश. आठवडी बाजारात माल लावणारे व्यापारी नारीसेठकडून मिक्स माल नेतात. भाव उतरलेला असतो आणि बोली ठरलेली असते, डझनात तीन सेकंड. दोन नाहीत, चार नाहीत. गठ्ठे महेंद्रच बांधतो. गिऱ्हाईक गठ्ठा सोडून एकेक पीस बघत जातं आणि तिसरा सेकंड हाताला लागला की बघायचं थांबतं. उरलेले डोळे झाकून घेतात. महेंद्रच्या गठ्ठ्याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही, आणि ही गोष्ट तो लग्नकार्यातसुद्धा सांगतो.

तो, बायको प्रीती, आई भागीरथी आणि सहा वर्षांची ओवी अंबरनाथला राहतात. प्रीती एका मेडिकलमध्ये बिलिंगला बसते. ओवीला थॅलेसेमिया मेजर आहे. तिचं रक्त अंगातल्या अंगात टिकत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवावं लागतं, आणि त्या रक्तातलं लोह साठू नये म्हणून ती खडूची गोळी.

ओवी आठ महिन्यांची असताना हे कळलं. डॉक्टरांनी दोघांचंही रक्त तपासलं आणि समोर बसवून सांगितलं की तुम्ही दोघं मायनर आहात. म्हणजे दोष तुमच्या अंगात अर्धाच आहे, तुम्हाला त्याचा काही त्रास नाही, जन्मभर होणारही नाही. पण दोघांकडचा दोषी अर्धा एकाच मुलात आला, तर मेजर. शक्यता चारात एक.

प्रीतीला त्या दिवशी दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं. महेंद्रला मात्र तेवढंच नेमकं ऐकू आलं. चारात एक, म्हणजे डझनात तीन. हा हिशेब तो झोपेतही करू शकत होता. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच त्याने प्रीतीला सांगून टाकलं होतं, की वाईट ते पहिल्याच झटक्याला निघालं. आता पुढे काही नाही.

ओवीला तो कधी सेकंड म्हणाला नाही, हेही सांगायला हवं. उलट, तिच्यासाठी तो कारखान्यातल्या प्रेसवाल्यांना, धागाकटिंगवाल्यांना धरून धरून रक्त द्यायला नेतो. पण हिशेब तोच.

प्रीतीने तो हिशेब मानला. एक दोन दिवस नाही, पाच वर्षं मानला. त्याच्याच भरवशावर तिला आता दहावा आठवडा चालू होता.

पुन्हा. सेंटर.

ओवीला जिथे रक्त चढतं ते ट्रस्टचं सेंटर. खिडकीकडची खाट ओवीची, तिने तसं जाहीरच केलंय. त्या सोमवारी पलीकडे एक नवी बाई आली होती, करिष्मा. कल्याणचं सेंटर लांब पडतं म्हणून इकडे बदलून घेतलं होतं. बरोबर एक मुलगा, एक मुलगी. दोघं एकाच मोबाइलवर डोकी टेकवून कार्टून बघत होती. प्रीतीला वाटलं, मुलगी पेशंट असेल, मुलाला घरी ठेवायला कुणी नसेल.

मग सिस्टरने दुसरी पिशवी आणून मुलाच्या खाटेला लावली.

प्रीतीने विचारलं, "दोनों को?"

"दोनों को," करिष्मा म्हणाली, शेजारणीने दूध किती घेतेस विचारल्यावर सांगावं तसं. "मेरी सास बोली, एक में निकल गया ना, अब दूसरा साफ आएगा. मैं भी मान गई." मग तिने प्रीतीकडे पाहिलं. प्रीतीचा हात पोटावर गेला होता. "तू भी मान गई क्या?"

प्रीती उठली. पाण्याची बाटली भरून आणली. भरलेलीच होती. पुन्हा बसली. ओवीने विचारलं, मम्मी, तू सारखी का उठतेस. काही नाही. पुन्हा उठली. दोन पिशव्यांतून दोन नळ्या खाली येत होत्या, थेंब पडत होते, कधी या नळीत, कधी त्या नळीत, कधी दोन्हीत एकदम. एका नळीतल्या थेंबाला दुसऱ्या नळीतल्या थेंबाची काही खबर नव्हती.

सेंटरच्या समुपदेशक संजीवनी मॅडम कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतात. प्रीती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. कितवा आठवडा हे ऐकल्यावर मॅडमनी आधी कपाळाला हात लावला आणि मग तिला बसायला सांगितलं. सगळं पुन्हा समजावलं. पहिल्या मुलाला झालं म्हणून दुसऱ्याला होणार, असं नाही. पहिल्याला झालं म्हणून दुसऱ्याला होणार नाही, असंही नाही. दुसऱ्यालाही चारात एक, तिसऱ्यालाही चारात एक.

"गर्भाला मागचं काही आठवत नाही, प्रीती. दर वेळी पहिल्यापासून."

तपासणी होती. पोटातून बारीक सुई घालून वारेचा कण काढतात आणि त्यावरून बाळ मेजर आहे की नाही ते कळतं. मुंबईला करावी लागते, आणि याच दिवसांत. पुढे जितका उशीर होईल तितकं सगळंच अवघड. सुईने गर्भ पडण्याचा धोका असतो, पण शंभरात एखादा, बहुतेक त्याहूनही कमी. येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारची वेळ मॅडमनी फोनवरून मागून घेतली आणि बजावलं, नवऱ्याला घेऊन जा. एकटी जाऊ नकोस.

नवऱ्याला.

पुन्हा. घर.

महेंद्रने शांतपणे ऐकून घेतलं, हेच वाईट. तो भडकला असता तर प्रीतीलाही भडकता आलं असतं. त्याने हात धुतले, निळीचा रंग नखांतून जात नाही म्हणून पुन्हा धुतले, आणि जेवायला बसला. मॅडमचं शिक्षण जास्त, त्यांना पुस्तकातलं माहीत, तो म्हणाला. माल त्यांनी कधी हाताळला नाही.

"शंभरात एखादं जातं ना सुईनं? मग? जे फ्रेशच आहे त्याला चेकिंगसाठी भोक कशाला पाडायचं? भोक पडलं की तोच पीस सेकंड."

त्याचं पहिलं वाक्य खरं धरलं, तर पुढची सगळी खरीच होती. एकीकडे शंभरात एक, दुसरीकडे शून्य. शहाणा माणूस शून्यच घेईल. फक्त ते शून्य नव्हतं. चारात एक होतं, शंभरात पंचवीस. पंचवीस आणि एक. प्रीती भांडी घासताना हे दोन आकडे तोंडातल्या तोंडात म्हणत राहिली.

भागीरथीबाईंचा हिशेब वेगळा होता. त्यांचा न्यायाचा होता. ज्या घराने एवढं सोसलं त्याच घरावर परत कसं येईल, काही न्याय आहे की नाही जगात, असं त्यांचं म्हणणं. प्रीती म्हणाली, न्याय असता तर पहिल्यांदा तरी कशाला आलं असतं, आई. म्हाताऱ्या भागीरथीबाई लसूण सोलायच्या थांबल्या.

"आणि तसंच निघालं तर? काढून टाकणार? म्हणजे आपली ओ..."

ओवी दारात उभी होती. तिला डब्यातला लाडू हवा होता.

ते वाक्य तसंच राहिलं, घरात. प्रीती त्याला वळसा घालून चालत होती. खरं सांगायचं तर तिच्याकडेही त्याचं उत्तर नव्हतं. ओवी नसती तर, असा विचार ती करू शकत नव्हती. आणि पाच वर्षं टोचलेल्या हातांशेजारी आणखी एक एवढासा हात ठेवायचा, असाही करू शकत नव्हती. तिला उत्तर नको होतं. तिला आधी कळायला हवं होतं. न कळता उत्तर कसलं देणार?

मंगळवार. काउंटरवर मधुमेहाची गोळी मागितली, तिने प्रेशरची दिली, गिऱ्हाइकानेच परत केली. बुधवार. रिक्षात चौघं. चौघांतला एक कोण? दाढीवाला, कॉलेजची मुलगी, पिशवीवाल्या मावशी, ती स्वतः. आणि दर सवारीला चौघं वेगळे. शुक्रवार. स्टेशनच्या बाकावर पाच जण बसले होते, तिला बरं वाटलं. शनिवार. महेंद्रला ती म्हणाली, तू नाही आलास तरी मी जाणार. तो म्हणाला, जा की. मग म्हणाला, काही झालं तर माझ्याकडे बघू नकोस. मग रात्रभर कूस बदलत राहिला, हे तिला कळलं, कारण तीही.

पुन्हा. रविवार दुपार.

जेवणं झाली होती. महेंद्र फरशीवर चटई टाकून आडवा झाला होता. प्रीतीने त्याचीच एक जुनी जीन्स आणून मध्ये पसरली. महेंद्रच्या खिशांतून बटणं घरात येतच असतात, डबाभर साठलीत. त्यातली चार काढली, दोन तांब्याची, दोन पांढरी. डाव्या खिशात एक तांब्याचं, एक पांढरं. उजव्या खिशात एक तांब्याचं, एक पांढरं. ओवीला सांगितलं, डावा खिसा मम्मी, उजवा पप्पा. डोळे मिटून दोन्हींत हात घालायचा, एकेक बटण काढायचं, आम्हाला दाखवायचं आणि ज्याचं त्याच्या खिशात परत टाकायचं. महेंद्रला वेगळं काही सांगावं लागलं नाही. दोन्ही तांब्याची म्हणजे मेजर, हे त्याला कळलं.

ओवीने काढलं. एक तांब्याचं, एक पांढरं. परत खिशात.

दोन्ही तांब्याची.

"मी जिंकले," ओवी म्हणाली. जोडी लागली की जिंकतात, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. भागीरथीबाईंनी पदर तोंडाशी नेला.

दोन्ही पांढरी. मग एक एक.

महेंद्रने एक डोळा उघडला. "चारात एक. झालं? मी दुसरं काय बोलतोय?"

प्रीतीला वाटलं, बटणंसुद्धा याच्याच बाजूची. अजून काढ, ती ओवीला म्हणाली. पुढच्या चारांत एकदाही जोडी तांब्याची आली नाही. ओवी हिरमुसली.

प्रीती म्हणाली, "या गठ्ठ्यात सेकंडच नाही. नारीसेठ चेकरला घरी बसवेल."

महेंद्र उठून बसला. त्यापुढच्या चारांत आधी एक एक, मग दोन्ही तांब्याची, मग लगेच पुन्हा दोन्ही तांब्याची. ओवी टाळ्या वाजवत होती. मग दोन्ही पांढरी.

महेंद्र बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत होता. त्याचा चेहरा उजळला, खरोखरच्या आनंदाने. "किती झाले? बारा. त्यात तीन. डझनात तीन, प्रीती. बघ, आले की नाही बरोबर?"

"आले. पण कुठे आले ते बघ. हे दोन लागून आले. आपण डझन काढणार आहोत का? आपला गठ्ठा दोघांचा आहे."

ती सासूसमोर नवऱ्याला अरेतुरे करत होती. एरवी करत नाही. भागीरथीबाईंनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

"परत काढ," महेंद्र ओवीला म्हणाला.

दुसऱ्या डझनात पाच आले. परत काढ. तिसऱ्यात एकच. महेंद्रने जीन्स ओढून घेतली, खिसे उलटे केले, शिलाईवरून अंगठा फिरवला, एखादं भोक आहे का, बटण कुठे अडकतंय का ते पाहिलं. बटणं दातांत धरून पाहिली. माल ठीक होता. ओवीचे डोळे त्याने आपल्या हाताने झाकले आणि पुन्हा काढायला लावलं. चार आले. त्याच्या कपाळावर घाम होता. इतकी वर्षं एकही गठ्ठा न चुकलेला माणूस, आणि ही सहा वर्षांची पोर त्याच्यासमोर एकामागून एक चुकीचे गठ्ठे मांडत होती आणि हसत होती.

"हे गठ्ठे बांधतं कोण?" तो चिडून म्हणाला.

"कुणीच नाही. तिथे तू बांधतोस, म्हणून तीन येतात." प्रीती म्हणाली. "तुझा सेकंड निघाला की बाजूला पडतो. हिचं बटण परत खिशात जातं. दर वेळी तेच दोन खिसे, महेंद्र. तुझा आणि माझा."

महेंद्र जीन्स घडी करायला लागला, कारखान्यात करतात तशी, पायावर पाय, मग तीन घड्या. ओवीने विचारलं, खेळ संपला का. तो म्हणाला, संपला. तिने विचारलं, मी किती वेळा जिंकले. तो उठून मोरीत गेला आणि नळ सोडून बसला.

पुन्हा. गुरुवार.

तो आला. कारण सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. ओवीला भागीरथीबाईंपाशी ठेवलं. मुंबईच्या हॉस्पिटलात त्याने सही केली, आणि डॉक्टरांना एवढंच विचारलं की सुई किती जाड असते. त्यांनी दाखवली. त्याने ती उजेडात धरल्यासारखी डोळे बारीक करून बघितली आणि मान हलवली, पास केल्यासारखी. प्रीती टेबलावर आडवी असताना तो तिच्या पावलाशी उभा होता. एका हाताने त्याने तिचा घोटा धरून ठेवला होता. तो हात तिच्यासाठी होता की त्याच्यासाठी, हे तिला आजही सांगता येणार नाही.

मग वाट पाहणं. पहिले दिवस सुईचे. दुखतंय का, ओल लागतेय का, सारखं उठून बघायचं. ते दिवस गेले, शंभरातला तो एक गेला. पुढचे दिवस दुसऱ्या आकड्याचे. फोन चार्जिंगला. फोन उशाशी. फोन मेडिकलच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवर अर्धा उघडा. महेंद्र रोज दुपारी कारखान्यातून फोन करायचा आणि काही विचारायचा नाही. आलं का, एवढंही नाही. नारीसेठ काय म्हणाला, वॉशचा ट्रक कुठे अडकला, असलं काहीतरी. ती हं हं करायची. त्याने कधी नव्हे ते दोन गठ्ठे चुकीचे बांधले, एकात चार, एकात दोन. तेही त्यानेच सांगितलं, आणि हसला नाही.

फोन संजीवनी मॅडमचाच आला. बाळ मायनर आहे. मेजर नाही. तुमच्या दोघांसारखंच आहे, त्याला काही होणार नाही. प्रीतीने दोनदा बोलायला लावलं. मॅडमनी दोनदा सांगितलं.

संध्याकाळी महेंद्र घरी आला तेव्हा तिने दारातच सांगितलं. तो चप्पल न काढताच खाली बसला. आधी रडला. मग आईला हाक मारली, ओवीला उचललं, खांद्यावर घेऊन खोलीभर फिरला. प्रीती त्याच्याकडे बघत होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे हात काही न करता नुसते मांडीवर पडून होते.

आणि मग तो वळला. डोळे अजून ओले होते, चेहरा उजळला होता, बटणांच्या दिवशी बारात तीन मोजल्यावर उजळला होता तसाच.

"बोललो होतो ना," तो म्हणाला. "एक निघालं की पुढचे फ्रेश. उगाच सुई खाल्लीस."

भागीरथीबाई म्हणाल्या, तेच तर, आता तिसऱ्याच्या वेळी सुईबिई काही नको.

प्रीतीने तोंड उघडलं. चारांतले तीन आपल्या बाजूने होते, म्हणून आलं. तू बरोबर होतास म्हणून नाही. मी म्हणाले असते की भिंतीवर पाल चुकचुकली म्हणून आलं, तरी एवढंच आलं असतं. हे सगळं तिच्या जिभेवर होतं. ओवी बापाच्या खांद्यावरून खाली वाकून तिचे केस ओढत होती. महेंद्र हसत होता. इतक्या दिवसांनी हसत होता.

"तिसरं नाही," प्रीती एवढंच म्हणाली. "आणि कधी झालंच, तर सुई."

महेंद्रने ओवीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. प्रीती ओवीची गोळी विरघळवायला उठली.

ओवी जन्मली तेव्हा तिचं वजन तीन किलोच्या वर होतं, आणि डॉक्टरांनी तपासून बाळ अगदी ठणठणीत आहे असं सांगितलं होतं. सुईशिवाय बघितलं तर तीही फ्रेशच होती.